करुणेचा जवळचा शत्रू

२००७ साल. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरातल्या एका प्रयोगशाळेत, एमआरआय यंत्राच्या बोगद्यात मातिए रिकार उताणे पडून होते. रिकार मूळचे फ्रेंच. १९७२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पेशींच्या अनुवंशशास्त्रावर डॉक्टरेट मिळवून त्यांनी हिमालयाची वाट धरली आणि पुढे तिबेटी परंपरेतले बौद्ध भिक्षू झाले. यंत्राबाहेर मेंदूशास्त्रज्ञ तानिया सिंगर पडद्यावर त्यांच्या मेंदूतल्या हालचाली पाहत होत्या. रिकार करुणेचं ध्यान करत होते आणि पडद्यावर जे दिसायला हवं होतं ते दिसत नव्हतं.

काय दिसायला हवं होतं? त्यासाठी तीन वर्षं मागे जावं लागेल. २००४ मध्ये सिंगर यांनी लंडनमध्ये १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला होता. ती यंत्रात, तिचा जोडीदार शेजारी बसलेला. कधी तिच्या हाताला विजेचा झटका द्यायचा, कधी त्याच्या. तिला झटका बसला की वेदनेशी संबंधित बरेच भाग तिच्या मेंदूत जागे व्हायचे. पण झटका त्याला बसतोय एवढं नुसतं कळलं, तरी त्यांतले काही भाग तसेच जागे व्हायचे. दुखणं नेमकं कुठे आहे ते नोंदवणारा भाग गप्प असे. दुखण्याची बोच नोंदवणारे इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग मात्र तिच्या स्वतःच्या वेदनेत जसे असत तसेच. आपण याला ‘जीव कळवळणं’ म्हणतो. कळवळ्यात कळ आहेच, आणि ती कळ मेंदूच्या चित्रात दिसते.

रिकार यांच्या मेंदूत ही कळ दिसेना. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की करुणा बाजूला ठेवा, समोरच्याचं दुःख फक्त स्वतःचं करून घ्या. आदल्याच रात्री त्यांनी रुमानियातल्या एका अनाथाश्रमावरचा माहितीपट पाहिला होता. हाडांचे सापळे झालेली, दुर्लक्षित मुलं. ती मुलं डोळ्यांसमोर आणून ते त्यांच्या वेदनेत शिरले. आता अपेक्षित भाग जागे झाले. पण तासाभरात रिकार पार गळून गेले, पुढे चालवणं अशक्य झालं. मग त्यांनी पुन्हा करुणेचं ध्यान सुरू केलं. मुलं तीच, त्यांचे हाल तेच. पण आता प्रत्येक मुलाकडे मायेनं हात पुढे होत होता, आणि तो थकवा राहिला नाही, असं त्यांनी नंतर लिहिलं आहे.

एका माणसाच्या अनुभवावर शास्त्र उभं राहत नाही. म्हणून सिंगर, ओल्गा क्लिमेकी आणि सहकाऱ्यांनी ध्यानाचा अनुभव नसलेल्या स्त्रियांना आधी परदुःख अनुभवण्याचं आणि मग करुणेचं प्रशिक्षण दिलं. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोकांचे हाल दाखवणाऱ्या चित्रफिती पाहताना पहिल्या प्रशिक्षणानंतर या स्त्रियांना जास्त त्रास होऊ लागला. करुणेच्या प्रशिक्षणानंतर तो त्रास पूर्वपदावर आला, आपुलकीची भावना वाढली, आणि मेंदूत वेगळंच जाळं जागं झालं. जिव्हाळा आणि समाधान यांच्याशी जोडलेलं.

हे वाचलं तेव्हा मला आईच्या शेवटच्या आजारपणातली एक रात्र आठवली. तिला धाप लागली होती आणि मी पलंगाशेजारी उभी राहून नुसती रडत होते. रात्रपाळीची नर्स आली, आईच्या पाठीमागे दोन उशा सरकवल्या, तिचा हात हातात घेतला आणि तिच्या श्वासाबरोबर मोजू लागली. त्या वेळी मला वाटलं होतं, हिला सवय झाली असणार, हिला काही वाटत नाही. आज ते आठवून मान खाली जाते. त्या खोलीत आईच्या कामी आली ती त्या बाईंची करुणा. माझं दुःख खरं होतं, पण ते सगळं माझ्याभोवतीच फिरत होतं. रुग्णसेवा करणाऱ्यांना येणाऱ्या थकव्याला ‘करुणेचा थकवा’ म्हणण्याची पद्धत आहे. सिंगर आणि क्लिमेकी यांचं म्हणणं असं, की हे नावच चुकलं आहे. माणूस थकतो तो परदुःखात बुडून.

आता मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट सांगते. हा भेद पाचव्या शतकात लिहून ठेवलेला आहे. श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात बसून बुद्धघोषाचार्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ रचला. त्यात ते म्हणतात, प्रत्येक चांगल्या भावनेला दोन शत्रू असतात, एक दूरचा, एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू म्हणजे क्रौर्य. तो डोंगरदऱ्यांत दडलेल्या वैऱ्यासारखा, उघड परका. जवळचा शत्रू मात्र अंगाला लागूनच वावरतो, दिसतोही करुणेसारखाच. तो म्हणजे शोक.

मराठी माणसाला या ग्रंथाचं अप्रूप असण्याचं आणखी एक कारण आहे. गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी बुद्धाच्या शोधात १८९९ मध्ये घर सोडलं, सिलोन आणि ब्रह्मदेशापर्यंत जाऊन पाली शिकले, आणि अमेरिकी अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरन यांच्याकडून अपुरं राहिलेलं याच ग्रंथाचं संपादन पुरं करायला हार्वर्डला वारंवार गेले. त्यांनी सिद्ध केलेली देवनागरी प्रत १९४० मध्ये मुंबईत निघाली. हार्वर्डची निघाली १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी.

बुद्धघोष पुढे साधनेचा क्रमही देतात आणि त्यात मनाची फार बारीक जाण आहे. मैत्रीभावनेची, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची, सुरुवात स्वतःपासून करायची: मी सुखी असो, मला पीडा न होवो. मग आदर वाटणारी व्यक्ती, मग अगदी जिवलग, मग जिच्याबद्दल ना राग ना लोभ अशी व्यक्ती, आणि शेवटी वैरी. जिवलगापासून सुरुवात का नाही? कारण त्याला जरा काही झालं तरी साधकाला रडू कोसळेल, असं ग्रंथ म्हणतो. म्हणजे कळ उठेल आणि साधना तिथेच अडकेल.

स्वतःपासून सुरुवात हे आपल्याकडे, विशेषतः बायकांना, अवघड जातं. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरेल त्यात जेवणं हाच जिथे चांगुलपणाचा दाखला, तिथे ‘मी सुखी असो’ म्हणताना जीभ अडखळते. बुद्धघोषांनी यावर एक प्रसंग दिला आहे. साधक, त्याचा आवडता माणूस, तटस्थ माणूस आणि वैरी असे चौघे बसले आहेत. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळी द्यायला एक जण द्या. साधकाच्या मनात आलं की ‘याला न्या’, तर त्याची मैत्री कच्ची. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ असं आलं तरीही कच्चीच! चौघांपैकी कुणालाच देण्याजोगा मानत नाही, तेव्हा आपला-परका ही सीमा मोडली. त्या चौघांत तो स्वतःही आहे.

मग यात सजगता, म्हणजे आत्ता जे आहे त्याकडे लक्ष देणं, कुठे येते? आधी लक्ष जायला हवं. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिन्स्टनच्या एका प्रयोगात धर्मोपदेशक होऊ घातलेल्या ४० विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं होतं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झाल्याचं सांगितलं होतं, त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय काहींना मुद्दाम दिला होता: वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट. त्यानंही म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

पण लक्ष देता येणं म्हणजे करुणा नव्हे. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये सिंगर यांनी तीनशेच्या आसपास लोकांना घेऊन नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. तीन महिने निव्वळ सजगता, तीन महिने करुणा, तीन महिने दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणं. मग त्यांना परीक्षकांपुढे भाषण आणि गणितं करायला लावली. सजगतेनंतर लोक म्हणाले, ताण कमी वाटतो. पण शरीरातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक पूर्वीइतकंच उसळत होतं. उरलेल्या दोन प्रशिक्षणांनंतर ही उसळी ५१ टक्क्यांपर्यंत घटली. त्यांत दररोज दहा मिनिटं एका जोडीदाराशी बोलायचं आणि त्याचं मन लावून, मध्ये न तोडता ऐकायचं, हा नेम होता. आपल्याकडे इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातही सुरुवात श्वासाकडे पाहण्यापासून होते आणि मैत्रीभावना अखेरीला येते. आधी लक्ष, मग माया.

या क्षेत्रात अतिउत्साह फार आहे, हेही सांगायला हवं. आठ आठवड्यांच्या ध्यानानं मेंदूची रचनाच बदलते, असं २०११ च्या एका अभ्यासावरून सर्वत्र छापून आलं. २०२२ मध्ये जास्त लोकांवर, जास्त काटेकोरपणे तपासलं तेव्हा असा बदल सापडला नाही. ध्यानानं माणूस किती दयाळू होतो, याचा एक आढावा २०१८ मध्ये निघाला. त्यात असं दिसलं की करुणा वाढल्याचे निष्कर्ष ध्यान शिकवणारेच संशोधनाचे सहलेखक असलेल्या अभ्यासांत येत होते. मला यानं वाईट वाटलं नाही. मनाची मशागत वर्षानुवर्षांची असते आणि अभ्यास संपतात काही आठवड्यांत. पण ‘विज्ञानानं सिद्ध झालंय’ म्हणत कुणी शिबिराची फी मागत असेल, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत.

मी रोज पहाटे, दूधवाला येण्याआधी, पंधरा मिनिटं बसते. पाच मिनिटं श्वास, मग बुद्धघोषांचा क्रम. वैऱ्यापर्यंत अजून पोहोचले नाही. राग-लोभ नसलेल्या व्यक्तीच्या जागी मी आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांना घेतलं होतं. अकरा वर्षं त्यांच्याकडे कपडे टाकतेय. तिसऱ्या आठवड्यात कपडे आणायला गेले तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की ते उजव्या हातानं इस्त्री उचलताना दर वेळी डावा हात मनगटाखाली लावतात. विचारलं, दुखतंय का? म्हणाले, दोन वर्षं झाली ताई.