मुठीवर कातडं आलं कधी? लाकडी धनुष्याच्या पकडीची पार्श्वभूमी

धनुष्य तासून झालं, तेल पाजून झालं, दोरी चढली, की शेवटी मधली वीतभर जागा उरते. तिथे काय लावायचं? कातडं, दोरी, झाडाची साल, की काहीच नाही? उत्तर बहुतेकदा डोळ्यांनी दिलं जातं: तपकिरी कातडं 'पारंपरिक' दिसतं म्हणून ते लावून मोकळं व्हायचं. पण परंपरा खणायला गेलं तर पहिल्याच थरात कातडं सापडत नाही. ते बरंच उशिरा आणि वेगवेगळ्या कारणांनी आलेलं आहे.

अमरकोशात धनुष्याच्या अवयवांना एकेक नाव आहे. टोक म्हणजे अटनी. दोरी म्हणजे मौर्वी, ज्या, शिंजिनी. हात बसतो तो मध्य म्हणजे लस्तक. दोरीच्या फटक्यापासून हात वाचवणाऱ्या पट्ट्यालाही शब्द आहे, गोधा. (घोरपडीलाही गोधाच म्हणतात, तेव्हा तो पट्टा कशाचा असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.) लस्तकावर काय गुंडाळतात, याबद्दल मात्र तिथे अवाक्षर नाही. कौटिल्यही आयुधागाराच्या अध्यायात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्यं मोजतो, दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू (म्हणजे जनावराच्या कंडरांचे चिवट तंतू) असे जिन्नस सांगतो, आणि मुठीला वळसा घालून पुढे जातो.

जमिनीतून निघालेली धनुष्यंही तशीच गप्प. डेन्मार्कमधल्या होल्मगार्डच्या दलदलीत 1944 साली सापडलेली एल्म लाकडाची धनुष्यं सुमारे नऊ हजार वर्षांची आहेत. त्यांची पाती, म्हणजे मुठीच्या वरचे-खालचे वाकणारे भाग, रुंद आणि चपटी, पण मध्य मुद्दाम अरुंद आणि जाड ठेवलेला. म्हणजे हाताची सोय लाकडातच कोरून केलेली. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ओत्झी या प्राचीन माणसाच्या शवाजवळ 1.82 मीटरचं यू लाकडाचं धनुष्य होतं, पण ते अर्धवट तासलेलं. हत्याराचे घाव अजून दिसतात, तेव्हा त्याच्या मुठीकडून साक्ष मिळणार नाही. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये 1961 साली मिळालेलं मीअर हीथचं नवाश्मयुगीन धनुष्य बोलकं आहे. त्याच्या पात्यावर आडव्या कातडी पट्ट्यांच्या आणि तिरप्या जाळीदार गुंडाळीच्या खुणा आहेत. कातडं लाकडावर आवळून बसवण्याची कला तेव्हा हाताशी होती, एवढं त्यावरून नक्की.

सगळ्यात भक्कम पुरावा समुद्रातून वर आला. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचं 'मेरी रोझ' हे जहाज 1545 साली सोलंटच्या खाडीत बुडालं आणि 1982 साली त्याचा सांगाडा बाहेर काढला. त्यात दीडशेहून जास्त लॉंगबो होते. यू लाकडाची, पुरुषाच्या उंचीहून लांब, युद्धात वापरायची खरी धनुष्यं. त्यांच्यावर मुठीचं कातडं नाही. आता कोणी म्हणेल, साडेचारशे वर्षांत कुजलं असेल. पण त्याच गाळातून तिरंदाजांचे मनगटपट्टे निघाले आणि ते बहुतेक कातड्याचेच आहेत. पट्टे टिकले आणि मुठी तेवढ्या कुजल्या, हे मला पटत नाही. फार तर तागासारख्या एखाद्या धाग्याची गुंडाळी असेल आणि ती विरून गेली असेल, इतकी शंका शिल्लक राहते. धनुष्यांवर मध्याजवळ कारागिरांच्या खुणा कोरलेल्या आहेत. एरवी दोन्ही बाजूंना सारख्याच दिसणाऱ्या काठीवर हात कुठे ठेवायचा, ते अशी खूण सांगू शकते. रॉजर अ‍ॅस्कमचं 'टॉक्सोफिलस' हे धनुर्विद्येवरचं इंग्रजी पुस्तकही 1545 चंच. त्यात तो नेमबाजीची पाच अंगं सांगतो: उभं राहणं, बाण जोडणं, ओढणं, धरून ठेवणं, सोडणं. धनुष्याला मेण लावलेल्या लोकरी कापडाने रोज घासून चकाकी आणा, असंही बजावतो. मेणाने चकाकणारी उघडी काठी मुठीत धरून ही माणसं लढत होती.

मग मुठीवर काही चढलं कशामुळे? माझ्या मते खेळामुळे. युद्धात बाणांचा पाऊस पाडायचा असतो. हात अर्धा इंच वर गेला की खाली, याला कोण विचारतो. लक्ष्याच्या वर्तुळांत गुण मोजायला लागलं की तोच अर्धा इंच महाग पडतो. लंडनची टॉक्सोफिलाइट सोसायटी 1781 साली निघाली, राजघराण्याचा आश्रय मिळाला, आणि पुढच्या शतकभरात लॉंगबो हे बागेतल्या हिरवळीवरचं, बायका-पुरुषांनी मिळून खेळायचं साधन झालं. याच काळातल्या धनुष्यांवर मखमलीची मूठ दिसते, पुष्कळदा हिरवी, कडेला सोनेरी फीत. दिसायला दिवाणखान्यातली, पण तिचं काम चोख होतं. मूठ साधारण चार इंचांची. तिची वरची कड धनुष्याच्या भौमितिक मध्यापेक्षा इंच-सव्वा इंच वर. बाण त्या कडेवर, म्हणजे हातावर टेकतो. तो घासतो त्या जागी शिंपल्याचा एक छोटा तुकडा लाकडात सपाट बसवलेला असे. कड चुकली तर सगळा हिशेब चुकला.

इथे एक फरक समजून घेतला पाहिजे, कारण वेष्टणाची निवड खरं तर त्यावर ठरते. तुमचं धनुष्य हातात वाकतं की नाही? जुना लॉंगबो टोकापासून टोकापर्यंत गोलाईत वाकतो, मुठीतही किंचित. त्याच्यावर जाड, कडक कातडं सरसाने घट्ट चिकटवलं तर लाकूड वाकू पाहतं, कातडं अडवतं, आणि महिन्याभरात शिवण उसवते किंवा कड उचलली जाते. दोरीची गुंडाळी, मखमल किंवा मऊ कातड्याची तिरकी पट्टी लाकडाबरोबर हलते. 1930 च्या दशकात अमेरिकेत जी रुंद पात्यांची चपटी धनुष्यं लोकप्रिय झाली, त्यांचा मध्य होल्मगार्डसारखाच जाड आणि ताठ. तिथे काहीही चिकटवा, टिकतं. शिंग-लाकूड-स्नायूंच्या तुर्की धनुष्याचा मध्यही असाच ताठ. त्या मुठीला तुर्कीत 'कब्ज़ा' म्हणतात. आपण जागेचा कब्जा घेतो तो हाच अरबी शब्द, मूळ अर्थ मुठीत धरणं. उस्मानी तिरंदाजांत शिष्याने ठरलेल्या अंतरापार बाण टाकून दाखवला की उस्ताद समारंभाने त्याच्या हाती मूठ देत असे. म्हणजे कब्जा अक्षरशः मिळवावा लागायचा.

जपानची गोष्ट याहून बारीक आहे. तिथलं धनुष्य, युमी, सव्वादोन मीटरच्या आसपास उंच, आणि मूठ मध्यावर नाही, तर खालून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. तिच्यावर हरणाच्या मऊ कातड्याची अरुंद पट्टी तिरकी गुंडाळतात, आणि वर बाण घासतो तिथे वेताची गुंडाळी. पट्टी झिजली की तिरंदाज ती स्वतः बदलतो. जाडी कमी-जास्त करायला आत अस्तरही घालतो. एवढा खटाटोप कशाला? तर बाण सुटल्यावर धनुष्य हातातल्या हातात फिरतं आणि दोरी पलीकडे, हाताच्या बाहेरच्या बाजूला जाऊन थांबते. हे फिरणं तिथे कौशल्याचं लक्षण मानतात. म्हणजे वेष्टण असं हवं की ओढताना घसरता कामा नये आणि सुटताना अडता कामा नये. रबराची चिकट मूठ इथे निव्वळ अडथळा. डाव्या हाताला घाम फुटला तर त्यासाठी वेगळी भुकटी चोळतात, पण कातडं मऊच ठेवतात.

अमेरिकेतल्या 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस, इशी, 1911 साली कॅलिफोर्नियात लोकांसमोर आला. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेल्या डॉ. सॅक्स्टन पोप यांनी त्याची पद्धत टिपून ठेवली. जुनिपरचं आखूड धनुष्य, पाठीवर स्नायूंचा थर, आणि मधोमध हरणाच्या कातड्याची अरुंद पट्टी. जपानपासून इतक्या दूर, एकमेकांची गाठभेट नसताना, उत्तर तेच निघालं: मऊ कातडं, अरुंद पट्टी, गोल गुंडाळलेली. हा योगायोग मला लेबलावरच्या 'पारंपरिक' शब्दापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतो.

आज बाजारात मिळणाऱ्या कातड्याला आणखी एक इतिहास चिकटलेला आहे, कमावण्याचा. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याच्या व्यवहार्य पद्धतीचं पेटंट अमेरिकेत 1884 साली निघालं. त्याआधी मुख्यतः झाडाची साल, तेल, मेंदू, धूर किंवा तुरटी. क्रोमचं कातडं लवचिक, घामाला दाद न देणारं. सालीने कमावलेलं ओलं करून हव्या त्या आकारात बसवता येतं आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही. म्हणून कोरीव, ताठ मुठीवर ते शोभतं आणि टिकतंही. त्याची एक खोड मात्र मी पैसे मोजून शिकलो. ओलं कातडं मुठीवर ताणून शिवलं आणि वाळेपर्यंत हलू नये म्हणून लोखंडी चिमटे लावून ठेवले. सकाळी चिमट्यांच्या जागी काळेशार डाग. सालीतलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळची शाई याच रसायनावर बनायची. डाग कातडं ओलांडून खालच्या लाकडातही उतरले होते, कारण मी तिथे तेलाचा हात दिलाच नव्हता. आता आधी मुठीचं लाकूड तेलाने बंद करतो आणि चिमट्यांऐवजी सुती पट्टी आवळतो.

जाडीचा हिशेब लोक हमखास विसरतात. दोन मिलिमीटरचं कातडं म्हणजे मुठीचा घेर साडेबारा मिलिमीटरने वाढला; लहान हाताला तेवढ्याने बोटं पुरत नाहीत. आणि कातडं बाणाच्या वाटेपर्यंत वर नेलं, तर बाण मध्यरेषेपासून दोन मिलिमीटर आणखी बाहेर ढकलला जातो. सुटताना त्याला लाकडाभोवती तितकंच जास्त वळसा घेत जावं लागतं, आणि कालपर्यंत नीट जाणारे बाण आज एका बाजूला पडायला लागतात. दोष बाणांच्या ताठपणाला दिला जातो. शिंपल्याचा तुकडा लाकडात सपाट बसवणाऱ्या त्या कारागिरांना हे ठाऊक असणार. म्हणून हातावरून बाण सोडायच्या धनुष्यावर मी कातडं बाणाच्या वाटेखालीच थांबवतो, आणि आधी दोन दिवस नुसती सुती दोरी गुंडाळून नेम बघतो. दोरी सोडायला मिनिट लागतं. चिकटवलेलं कातडं काढताना खालचं तेलही खरवडून निघतं.