कोवळं हाड आणि फेकणारा हात

मे महिन्याची सुट्टी लागली की सांगलीत क्रिकेटची शिबिरं भरतात. बारा वर्षांचं पोर सकाळभर बाउंड्रीवरून विकेटकीपरकडे थ्रो करतं आणि कोपर धरून घरी येतं. घरचे म्हणतात, “कोवळी हाडं आहेत, भरून येईल.” खरं दुखणं त्या कोवळेपणातच आहे.

यावरचा बराच अभ्यास अमेरिकेत, बेसबॉलच्या पिचरांवर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्यांवर झालाय. आपल्या बॉलरचा हात सरळ फिरतो, त्याची पाठ आधी बोलते. फील्डरचा थ्रो मात्र पिचरच्या फेकीचाच भाऊ.

फेकताना खांदा पुढे निघतो, पंजा चेंडूसकट मागे राहतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडू पाहते आणि बाहेरच्या बाजूला हाडावर हाड दाबलं जातं. निष्णात प्रौढ पिचरमध्ये हा पीळ सुमारे 64 न्यूटन-मीटर मोजलाय. कोपरापासून पाव मीटरवर साखरेचं अर्धं पोतं टांगल्यासारखा. आतला अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा पट्टा) एकटा ताणला तर प्रयोगशाळेत साधारण 32 लाच तुटतो! मग पिचरचा रोज का तुटत नाही? कारण त्याच्यावरून जाणारे, मनगट वाकवणारे स्नायू उरलेला भार उचलतात. ते थकले की जास्त ताण अस्थिबंधावर येतो. चेंडू तरीही पोचतो, त्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही.

लहान मुलांत अस्थिबंधाआधी हाड हार मानतं. कोपराच्या आतल्या बाजूला बोटाला लागणारा उंचवटा साधारण पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत मुख्य हाडाशी जुळलेला नसतो. मधे कूर्चेचा थर असतो आणि तो अस्थिबंधापेक्षा कच्चा. ओढ बसत राहिली की फट रुंदावते. कधी एका जोरदार थ्रोला उंचवटाच सुटून येतो. अशा कोपराला हाडवैद्याकडून चोळून घेणं म्हणजे आगीत तेल.

भाबडेपणा तिकडेही आहे. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरात, तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी, मनगटाजवळचा स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवला आणि तो पुन्हा खेळला. आता काही पालकांना वाटतं, या ऑपरेशननं वेग वाढतो!

अमेरिकी बेसबॉलच्या शिफारशींत 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर 85 फेकी. 66 किंवा जास्त झाल्या तर चार दिवस सुट्टी. आपल्याकडे थ्रो मोजतो कोण?

आतल्या बाजूला दाबून दुखत असेल तर फेकणं बंद, आणि अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा. एक्स-रे बहुधा दोन्ही कोपरांचा काढतात, कारण या वयात फट असतेच. ती जास्त रुंद झालीय का, हे दुसऱ्या हाताशी ताडूनच कळतं.