क्लिकचे आकडे जुळत का नाहीत: एक पार्श्वभूमी

समजा, जाहिरातीच्या डॅशबोर्डवर हजार क्लिक दिसताहेत आणि वेबसाइटच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये जेमतेम आठशे सेशन, म्हणजे साइटला दिलेल्या भेटी. पहिली शंका येते ती टॅग, म्हणजे मोजणीसाठी पानात टाकलेला कोड, बिघडल्याची, नाहीतर खोट्या क्लिकवर कुणी पैसे उकळत असल्याची. दोन्ही घडतं आणि तपासायलाही हवं. पण त्याआधी हे दोन आकडे मुळात येतात कुठून, ते पाहिलं पाहिजे. ते एका जागी मोजलेच जात नाहीत.

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचा बॅनर झळकला, वेबवरच्या अगदी सुरुवातीच्या जाहिरातींपैकी एक. त्या काळी मोजणीसाठी हाताशी होती ती सर्व्हरची लॉग फाइल. ब्राउझरने मागितलेल्या प्रत्येक फाइलची त्यात एक ओळ पडे. पानावर दहा चित्रं असली की पान एकदाच उघडूनही अकरा ओळी. ‘हिट्स’चे फुगलेले आकडे त्यातूनच आले. दुसरीकडे वाचक आणि साइट यांच्या मधले प्रॉक्सी सर्व्हर पानाची प्रत साठवून ठेवत आणि पुढच्या वाचकांना तीच देत, तेव्हा मूळ सर्व्हरला त्या वाचकांचा पत्ताही लागत नसे. एकाच लॉगमध्ये आकडा फुगतही होता आणि गळतही होता.

जाहिरात कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे रीडायरेक्ट. क्लिक आधी त्यांच्या सर्व्हरवर जाते, तिथे नोंद होते आणि मग ब्राउझरला खऱ्या पत्त्यावर पाठवलं जातं. कॅशला, म्हणजे अशा साठवलेल्या प्रतींना, चकवण्यासाठी पत्त्याच्या शेवटी एक रँडम आकडा जोडायची पद्धतही याच गरजेतून आली. जाहिरातींच्या टॅगमध्ये तो आजही सापडतो. रीडायरेक्ट ३०२ (तात्पुरता) ऐवजी ३०१ (कायमचा) प्रकारचा ठेवला तर ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो, मग दुसऱ्यांदा क्लिक केल्यावर मोजणाऱ्या सर्व्हरला न विचारता थेट पुढे जातो. जुन्या ट्रॅकिंग लिंकवर आकडा अचानक कमी दिसू लागला, तर मी ही गोष्ट सर्वात आधी बघेन.

दुसरा मोजणारा आला तो थेट मुक्कामावर, म्हणजे क्लिक जिथे पोहोचते त्या वेबसाइटवर. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी घेतली आणि त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स सुरू केलं. वाचक कुठल्या जाहिरातीतून आला ते सांगण्यासाठी लिंकला जोडायचे यूटीएम पॅरामीटर हा त्या अर्चिनचाच वारसा. ही मोजणी पानातल्या जावास्क्रिप्टवर चालते, म्हणजे पान उघडावं लागतं, स्क्रिप्ट चालावी लागते, मगच नोंद. पान उघडायला वेळ लागला म्हणून माणूस मागे फिरला, तर जाहिरात कंपनीकडे क्लिक आहे आणि इकडे काहीच नाही. एकाच माणसाने त्याच सेशनमध्ये दोनदा क्लिक केलं, तर तिकडे दोन आणि इकडे एक. आणि उलटही होई: जुन्या अ‍ॅनालिटिक्समध्ये एका क्लिकवर आलेला माणूस नंतर बुकमार्कवरून परतला, तर ते सेशनही त्या जाहिरातीच्याच खात्यात पडे.

मधल्या काळात प्रकरण कोर्टात गेलं. क्लिकच्या फसवणुकीवरून लेन्स गिफ्ट्सने दाखल केलेल्या दाव्यात गूगलने २००६ मध्ये नऊ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. २००९ मध्ये आयएबी या ऑनलाइन जाहिरात उद्योगाच्या संघटनेने क्लिक मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वात उपयोगी कागद तोच. त्यात क्लिकचे टप्पे वेगळे केले आहेत: वापरणाऱ्याने केलेली क्लिक, जाहिरात सर्व्हरने मोजलेली, साइटपर्यंत पोहोचलेली आणि पान प्रत्यक्ष उघडलेली. प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती होणारच. शिवाय जाहिरात कंपन्या संशयास्पद क्लिक नंतर वजा करतात, म्हणून कालचा आकडा आज बदललेला दिसू शकतो.

पुढची उलथापालथ खासगीपणामुळे झाली. आयफोनवरच्या सफारी या ब्राउझरने २०१७ पासून ट्रॅकिंगच्या कुकीजवर बंधनं आणली, २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला आणि संमती न देणारे वाचक अनेक साइटच्या आकडेवारीतून बाहेर गेले. २०२१ मध्ये आयफोनवर अ‍ॅपना ट्रॅकिंगची परवानगी मागणं बंधनकारक झालं. आयफोनची प्रणाली आयओएस १७ पासून मेल, मेसेजेस आणि सफारीच्या प्रायव्हेट विंडोमध्ये लिंकला चिकटलेले जीसीएलआयडीसारखे (गूगलच्या जाहिरातीवरच्या प्रत्येक क्लिकचे) ओळखक्रमांक काढून टाकले जातात. तेव्हा क्लिक खरी असते, माणूसही खरा असतो, पण अ‍ॅनालिटिक्सला तो कुठल्या जाहिरातीतून आला ते कळत नाही.

ईमेलमध्ये चित्र उलटं. तिथे क्लिक जास्त दिसतात, कारण कंपन्यांचे सुरक्षा स्कॅनर मेल पोहोचताच त्यातल्या लिंक उघडून तपासतात. लॉग जवळून पाहिला की खूण पटते: मेल पोहोचल्यावर काही सेकंदांत एकाच पत्त्यावरून सगळ्या लिंकवर क्लिक, अगदी तळाच्या ‘अनसबस्क्राइब’वरसुद्धा. माणूस असं वाचत नाही.

म्हणून दुरुस्तीला बसताना आधी दोन्ही टूलचा टाइमझोन आणि तारखा एक आहेत का बघावं, मग दोन्हीकडे मोजलं काय जातंय ते: फेसबुकवर ‘सर्व क्लिक’ हा रकाना घेतला तर त्यात लाइक आणि प्रोफाइलवरच्या क्लिकही येतात, तिथे लिंक क्लिक किंवा लँडिंग पेज व्ह्यूज घ्यायला हवेत. त्यानंतर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडून, लॉग पुसला जाणार नाही अशी सेटिंग करून, चाचणीची लिंक स्वतः उघडावी आणि प्रत्येक रीडायरेक्टनंतरचा पत्ता वाचावा. पत्त्यातला प्रश्नचिन्हानंतरचा भाग, म्हणजे यूटीएम आणि जीसीएलआयडी जिथे असतात तो, कुठल्या उडीला गळून पडतो, ते तिथेच दिसतं. बरेचदा ती उडी जाहिरात कंपनीची नसते, आपल्याच साइटवर एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर पाठवणाऱ्या नियमाची असते.