पार्श्वभूमी : २७ औषधांचा मसुदा आणि कांद्याची पहिली फवारणी

ठाणे जिल्ह्यात भात निघाल्यावर विहिरीच्या पाण्यावर जो कांदा लागतो, त्याची औषधं गेल्या तीस वर्षांत एकेक करून बंदीत गेली. बीएचसीची भुकटी १९९७ साली, एंडोसल्फान २०११ मध्ये, वाफ्यात टाकायचं दाणेदार फोरेट २०२० च्या अखेरीस. प्रत्येक वेळी पर्याय हाताशी होता, त्यामुळे कांदेवाल्यांचं फारसं अडलं नाही.

मे २०२० चा केंद्र सरकारचा बंदीचा मसुदा वेगळा. २७ नावं एका दमात, आणि त्यात कांद्याचा जवळजवळ अख्खा हंगाम: बियाण्याला किलोमागे २-३ ग्रॅम थायरम, रोपांची मुळं बुडवायला कार्बेन्डाझिम, तणाला पेंडीमिथॅलिन नाहीतर ऑक्सिफ्लोरफेन, लावणीनंतर तिसाव्या दिवशी लिटरला अडीच ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आणि ०.८ ग्रॅम मिथोमिल हे कीटकनाशक. कांदा आपण कच्चा खातो, तेव्हा अवशेषांची काळजी रास्तच. पण मॅन्कोझेब काढायचा आग्रह मात्र अनाकलनीय होता. ते बुरशीवर अनेक अंगांनी मारा करतं, म्हणून जांभळा करपा, म्हणजे पातीचा बुरशीरोग, त्याला सहजी सरावत नाही. हेक्झाकोनॅझोलसारखी एकाच जागी घाव घालणारी औषधं पाठोपाठ मारली, की त्यांचा जोर ओसरतो.

तीन वर्षांच्या हरकतींनंतर सप्टेंबर २०२३ च्या आदेशात पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मिथोमिलवर. मॅन्कोझेबचा वापर पेरू, ज्वारी, टॅपिओकापुरता काढला, कांद्यावरचा राहिला.

करप्याचा प्रश्न सुटला, पातीचा रस शोषणाऱ्या फुलकिड्यांचा अडला. पहिल्या फवारणीतलं मिथोमिल गेल्यावर साठाव्या दिवसाचं प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक बरेच जण आधीच उरकतात आणि मग तेच पुन्हा मारतात. दुसऱ्यांदा कीड तितकीशी हटत नाही. मधे फिप्रोनिल, लिटरला १ मिली, घालून औषधाचा गट बदलायला हवा. शिवाय किडा बसतो आतल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात. पात मेणचट, थेंब घरंगळून जातो, लिटरला ०.६ मिली स्टिकर, म्हणजे थेंब पातीला चिकटवणारं द्रव्य, नसेल तर औषध जमिनीलाच. झाडामागे साधारण ३० किडे दिसेपर्यंत पंप उचलायचं कारणही नाही. मात्र त्यांनी खरवडलेल्या पातीतून करपा सहज शिरतो, एवढं ध्यानात ठेवून मोजणी चुकवू नये.

कडेने मक्याच्या दोन ओळींची भिंत केली की बाहेरून येणारा किडा बराच अडतो, पण ती लावणीच्या महिनाभर आधी पेरलेली लागते. भातखाचर तोवर रिकामं नसतं. इथे मका बांधावरच टोकावा लागतो.