पोपडे न निघणारं जॅकेट

लेदरसारखं दिसणारं स्वस्तातलं जॅकेट मुंबईच्या किंवा कोकणाच्या हवेत काही पावसाळे काढतं आणि मग कॉलरपाशी, कोपरापाशी त्याचे पोपडे निघू लागतात. त्यावर इलाज नाही. वरचा थर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो आणि हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडत राहतो. जॅकेट न वापरता कपाटात टांगून ठेवलं तरी ही झीज चालूच असते.

मेण पाजलेलं सुती जॅकेट याच्या अगदी उलट. अशा जॅकेटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बार्बर कंपनीचे संस्थापक जॉन बार्बर यांनी १८९४ साली इंग्लंडच्या साउथ शील्ड्स बंदरात दुकान थाटलं ते खलाशी, मच्छीमार आणि गोदी कामगारांसाठी. त्या काळी कापडाला जवसाचं तेल पाजत. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि पुढेही घट्टच होत जातं. त्यामुळे कापड पिवळं पडायचं, थंडीत घडीवर तडकायचं. १९३०च्या दशकात त्याची जागा पॅराफिन मेणाने घेतली.

सुताला मुळात पाण्याची ओढ. मेणाला ती अजिबात नाही, म्हणून घट्ट विणीच्या फटींत मेण बसलं की पावसाचा थेंब पसरत नाही, गोल होऊन ओघळून जातो. कुठे पाणी शिरलंच तर सुताचे तंतू फुगतात आणि फट आणखी आवळली जाते. शिवाय ओला सुती धागा कोरड्या धाग्यापेक्षा मजबूत असतो, ही मला या कापडाची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

मेण झिजतं, पण ते परत लावता येतं. कोपराच्या घडीवर पांढुरकी रेघ दिसली, कापड बोटाला कोरडं लागलं, की वेळ झाली समजा. मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवायचा, पातळ मेण फडक्याने चोळायचं, शिवणींवर जरा जास्तच. मग हेअर ड्रायर फिरवला की वर साचलेलं मेण वितळून कापडात मुरतं. वॉशिंग मशीनमध्ये मात्र हे जॅकेट कधीच टाकू नये. गरम पाणी आणि साबण मिळून सगळं मेण काढून टाकतात.

खऱ्या चामड्याचं बळ कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंत असतं. कच्चं कातडं साधारण ६०-६५ अंशांच्या पाण्यात आकसतं, तर क्रोमियमच्या क्षारांनी नीट कमावलेलं उकळत्या पाण्यातही टिकतं. कातड्याच्या वरच्या थरात तंतू बारीक आणि दाट विणलेले असतात, खालच्या थरात सैल. खालचा थर सोलून, त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन विकलेला मालही नावाला चामडंच, पण लेप निघाला की संपलं. चांगल्या चामड्याला आपल्याकडे भीती बुरशीची. ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये.

मुंबईत राहणाऱ्याने मेणाच्या जॅकेटवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. ते जड असतं, त्यातून घामाची वाफ नीट बाहेर पडत नाही, आणि उन्हाळ्यात मेण चिकट होतं. मँचेस्टर किंवा एडिनबरामधल्या मराठी माणसाने मात्र जरूर घ्यावं, जुनं मिळालं तरी चालेल. फक्त अस्तर आणि काखेतली शिवण तपासून घ्यावी. मेण काय, पुन्हा लावता येतं.