नख फाटतं ते आडवंच का?

नखं तुटायला लागली की पहिलं निदान ठरलेलं: ‘कॅल्शियम कमी पडतंय.’ हाड कडक, नखही कडक, म्हणून दोन्हींचा माल एकच, असा हिशेब असावा. प्रत्यक्षात नखाच्या वजनात कॅल्शियम असतं जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. नख हाडाचं नव्हे, केसांचं भावंड आहे. त्याचा कडकपणा येतो केराटिन या प्रथिनातून आणि त्याच्या साखळ्यांना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या गंधकाच्या बंधांतून.

आता कशाला तरी अडकून कोपऱ्यात फाटलेलं नख आठवून पाहा. चीर मुळाकडे जात नाही, चंद्रकोरीसारखी वळून आडवी धावते. मला नखाची ही गोष्ट भलतीच आवडते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या या पत्र्यात तीन थर असतात. मधला सर्वांत जाड आणि त्यातले केराटिनचे तंतू बोटाच्या लांबीला काटकोनात, म्हणजे आडवे. लाकूड रेषेच्या दिशेनं सहज फुटतं आणि रेषा तोडायची म्हटली की घाम काढतं, तसंच इथे. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००४ मध्ये नखं कापून मोजलं, तर उभं कापायला आडव्याच्या साधारण दुप्पट ऊर्जा लागली. वरचा आणि खालचा थर पातळ. त्यांच्या तंतूंना ठरावीक दिशा नाही, त्यामुळे प्लायवूडसारखी मजबुती येते आणि नख वाकवलं तरी लगेच मोडत नाही. तंतू उभे असते तर प्रत्येक चीर थेट खालच्या जिवंत मांसापर्यंत गेली असती. आडवे आहेत म्हणून टोकाचा तुकडा जातो आणि बोट वाचतं.

पण टोकाला पापुद्रे सुटतात, त्याचं काय? नखाच्या पेशी मेलेल्या, चपट्या, कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या. पाण्यात हात राहिला की नख पाणी पितं, फुगतं. वाळलं की आकसतं. दिवसातून दहा वेळा हे झालं की पेशींना चिकटवून ठेवणारा ‘डिंक’ ढिला पडतो. साबण आणि ॲसिटोनवालं रिमूव्हर त्यात भर घालतात. म्हणजे नुसतं कोरडेपण नव्हे, ओलं-कोरडं-ओलं हा फेरा नखाला जास्त भोवतो. टोक आधी उलतं, कारण ते सर्वांत म्हातारं: महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर या वेगानं तिथवर पोचायला चार-पाच महिने लागलेले असतात. विल्यम बीन या अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर दर महिन्याला खूण करून ३५ वर्षं वाढ मोजली. बत्तिसाव्या वर्षी दिवसाला ०.१२३ मिलिमीटर, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. चिकाटी म्हणावी की छंद!

त्यामुळे ‘सात दिवसांत मजबूत नखं’ असं सांगणारी बाटली सरळ थाप मारते. बायोटिन या ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची कल्पना घोड्यांच्या खुरांवरून माणसांपर्यंत आली. माणसांवरचे प्रयोग लहान आहेत, पण जाहिराती मोठ्या. शिवाय जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही चाचण्यांचे आकडे बिघडवतं. हृदयविकाराच्या झटक्याचं निदान करणारी ट्रोपोनिनची चाचणीसुद्धा त्यात आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये तसा इशाराच दिला होता. त्यापेक्षा भांडी घासताना हातमोजे घालावेत, हात धुतल्यावर नखांना थोडी व्हॅसलीन लावावी, नखं आखूड ठेवावीत. मात्र नख चमच्यासारखं खोलगट झालं, एकाच बोटाचं बिघडलं किंवा सोबत थकवा असेल तर डॉक्टरांना दाखवावं. लोहाची कमतरता किंवा थायरॉइड यांचा त्यात हात असू शकतो.

आणि नखावरचे पांढरे ठिपके? त्यांच्यावरून भविष्य सांगणारे आहेत आणि कॅल्शियम सुचवणारेही. बहुतेकदा ती मुळाशी बसलेल्या किरकोळ माराची खूण असते. माझ्या डाव्या अंगठ्यावर आत्ता एक ठिपका आहे, कातडीच्या कडेपासून ६ मिलिमीटरवर. म्हणजे कडेतून बाहेर येऊनच त्याला दोन महिने झाले. मार त्याही आधीचा. तेव्हा बहुधा कपाटाचं दार लागलं होतं.