कॅप्टनला टोकायचं कसं? सीआरएम प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे शहाणपण फक्त आपल्या कचेऱ्यांत चालत नव्हतं. १९७० च्या दशकात विमानांच्या कॉकपिटमध्येही ते मुरलेलं होतं. कॅप्टन बोलणार, बाकीचे ऐकणार. ही सवय मोडायला वैमानिकांसाठी जे प्रशिक्षण आलं, ते सीआरएम, म्हणजे सुरुवातीच्या नावाने 'कॉकपिट रिसोर्स मॅनेजमेंट'.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या डच कंपनीचं बोइंग ७४७ टॉवरची परवानगी नसताना उड्डाणासाठी धावू लागलं. त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅम या अमेरिकन कंपनीचं ७४७ होतं. रेडिओवरचं बोलणं ऐकून केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते विमान अजून बाजूला झालं नाही का, असं त्याने विचारलं. झालंय, असं कॅप्टनने ठासून सांगितलं, आणि इंजिनिअर गप्प बसला. ५८३ माणसं गेली. हा कॅप्टन कंपनीच्या ७४७ वैमानिकांना शिकवणाऱ्यांतला सर्वांत वरचा. त्याला दुसऱ्यांदा कोण टोकणार?

डिसेंबर १९७८ मध्ये युनायटेड या अमेरिकन कंपनीचं एक डीसी-८ विमान अमेरिकेतल्या पोर्टलँडजवळ इंधन संपून कोसळलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. सहकारी इंधनाचं बोलले, पण आडून आडून. दहा जण दगावले. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने मग सुचवलं की कॅप्टनना सहकाऱ्यांना सामावून घ्यायला शिकवा आणि कनिष्ठांना ठामपणे बोलायला. १९७९ मध्ये नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली, आणि १९८१ मध्ये युनायटेडने वैमानिकांसाठी वर्ग सुरू केले. हेच सीआरएम.

सुरुवातीचा अभ्यासक्रम व्यवस्थापनशास्त्रातून उसना आणलेला होता. ब्लेक आणि माउटन यांच्या 'मॅनेजेरियल ग्रिड'वर, म्हणजे कामाची किती आणि माणसांची किती फिकीर हे दाखवणाऱ्या तक्त्यावर, आपण कुठे बसतो, हे वैमानिकांनी ओळखायचं. अनेकांनी त्याची टिंगल केली. आपल्याकडे असते तर 'संस्कारवर्ग' म्हणाले असते! मला त्यांचा राग समजतो. वीस वर्षं विमान चालवणाऱ्याला तुमचा स्वभाव सुधारा म्हटलं, तर तो हात बांधूनच बसणार. पुढे भर स्वभावावरून वागण्यावर आला. सगळ्यांना एकत्र सिम्युलेटरमध्ये बसवून संकट उभं करायचं आणि कोण काय बोललं, कोण काय गिळून बसलं, ते नंतर तपासायचं. नावातला 'सी'ही कॉकपिटचा न राहता क्रूचा झाला, म्हणजे केबिनमधले कर्मचारीही त्यात आले.

१९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या डीसी-१० विमानाच्या, त्याला वळवणाऱ्या आणि वर-खाली नेणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून आलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाच्या हाती थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, दिले. सू सिटीला विमान आदळलं, तरी २९६ पैकी १८४ जण वाचले. हेन्स श्रेय सीआरएमला देत.

आपल्याकडचा दाखला कडू आहे. २२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान चुकीच्या उंचीवरून उतरत होतं. सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं तीनदा सांगितलं. कॅप्टनने ऐकलं नाही. विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ जण मेले, आठ वाचले. सहवैमानिक बोलला, पण विमानाचा ताबा त्याने घेतला नाही. त्याने तो कधी घ्यावा, याबाबतच्या सूचनाच संदिग्ध होत्या, आणि बहुधा म्हणूनच तो थांबला, असं चौकशी अहवालाने म्हटलं.